दोघींची संमती

शाईचं पॅड नवं असलं की अंगठा नीट उमटत नाही. शाई जास्त लागते, रेषा बुजतात आणि कागदावर नुसता जांभळा डाग पडतो. म्हणून मी आधी पॅडवर रद्दी कागद दाबून घ्यायची. मग समोरच्याचा अंगठा हातात धरायचा, पॅडवर टेकवायचा, कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायचा आणि अलगद उचलायचा. बत्तीस वर्षं सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून काढली. विळ्यानं, निंदणानं, भांडी घासून गुळगुळीत झालेले कितीतरी अंगठे त्या काळात मी धरले. बहुतेक विसरले. एक विसरता आला नाही.

१९९१ चा पावसाळा. मी नुकतीच रुजू झाले होते, लेबर रूमला नाइट. खारपाणपट्ट्यातल्या एका गावाहून एका बाईला आणलं, आधी बैलगाडीनं, मग एसटीनं. पहिलटकरीण होती, दोन दिवस कळा देऊन थकलेली. पोटावर हात ठेवला की जुळं आहे हे कळत होतं. सोनोग्राफीचं मशीन आमच्याकडे नव्हतं. रात्री अडीचच्या सुमाराला सीझर करायचं ठरलं आणि तिला पूर्ण भूल दिली. मी हिरवं कापड पसरून बाळ घ्यायला हात पुढे केले. डॉक्टरांनी एक बाळ उचललं आणि त्याच्यासोबत दुसरंही वर आलं.

मुली होत्या. छातीपासून बेंबीपर्यंत एकमेकींना जोडलेल्या, तोंडासमोर तोंड. एकीचा हात दुसरीच्या गालावर होता. तो कुणी ठेवलेला नव्हता, पोटातच तसा राहिला असणार, कारण मी पुसून घेताना बाजूला केला तर पुन्हा तिथंच गेला.

पुढच्या दोन तासांत काय काय झालं ते सगळं मी लिहू शकणार नाही. वॉर्डबॉयपासून वरच्या साहेबांपर्यंत सगळे बघायला आले. झोपलेल्या माणसाला उठवून कुणीतरी कॅमेरा आणवला. बाहेर बसलेली सासू तर आधीच म्हणत होती, “जोडकेळ खाल्लं असंल इनं, मी हजारदा सांगतलं होतं.” जोडकेळ खाल्लं की चिकटलेली पोरं होतात ही समजूत मीही लहानपणी ऐकली होती. आमच्या घरात जोडकेळ पोरींच्या हाताला लागूच देत नसत. त्या रात्री ते वाक्य ऐकून अंगावर काटा आला. आत भुलीत पडलेल्या बाईवर तिला काहीही कळायच्या आत दोष ठेवून झाला होता.

मुली गेल्या. पहाटे बापापुढे एक कागद आला. शरीररचनेच्या संग्रहासाठी देह देण्याची संमती, असं त्यावर लिहिलेलं होतं. तो शेतमजूर माणूस, त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं विचारलं, “हे काय हाय?” त्याला उत्तर मिळालं, “कागद हाय. अंगठा लागते.” पॅड माझ्या हातात होतं. मी रद्दी कागद दाबून घेतला, त्याचा अंगठा धरला, लोळवला, उचलला. अगदी स्वच्छ उमटला.

बाईला सांगायचं ठरलं की बाळ दगावलं. एकच बाळ. जास्त बोलायचं नाही, अशी आम्हा सगळ्या सिस्टरांना ताकीद होती. तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. मी लुगड्याची पट्टी फाडून तिची छाती बांधली आणि तिच्या डोळ्यांत बघायचं टाळलं.

बारा वर्षांनी, २००३ च्या जुलैत, टीव्हीवर दोन इराणी बहिणी दिसल्या. हसऱ्या, डोक्यावर रुमाल बांधलेल्या, डोकं डोक्याला जोडलेलं. लादान आणि लालेह बिजानी. मी तोवर ऑपरेशन थिएटरला आले होते. ड्यूटी संपवून घरी आले की आधी बातम्या लावायची. त्या तीन दिवसांत घरातल्यांना मी काय करून खायला घातलं ते आठवत नाही.

त्यांच्याबद्दल तेव्हा आणि नंतर मी जे मिळेल ते वाचलं. १ जानेवारी १९७४ ला इराणच्या दक्षिणेकडे फिरुझाबादला एका शेतकरी कुटुंबात जन्म. १९७९ च्या क्रांतीच्या धामधुमीत, रुग्णालयातच असलेल्या या पोरींचा आईबापांना पत्ता लागेना. तेहरानजवळच्या कराज शहरात एका डॉक्टरांनी त्यांना आपल्या घरी नेऊन मुलींसारखं वाढवलं होतं. खऱ्या आईबापांना त्या सापडायला पुढे कित्येक वर्षं गेली. लादान बोलकी, लालेह तिच्या मानानं शांत. लादानला शिराझला जाऊन वकिली करायची होती. लालेहला तेहरानला राहून पत्रकार व्हायचं होतं. शेवटी दोघींनी मिळून तेहरान विद्यापीठात कायदाच शिकला, कारण एका वेळी दोन वेगवेगळ्या वर्गांत बसणार कशा? एकीला अभ्यास करायचा असला आणि दुसरीला झोप आली तर? एकीला माणसांत मिसळावंसं वाटलं आणि दुसरीला कंटाळा आला तर? असलं रोजचं जगणं त्यांनी एकोणतीस वर्षं निभावलं. त्यांच्या डोक्यांची जोडणी अशी बाजूबाजूनं होती, की एकमेकींचा चेहरा त्यांना फक्त आरशात दिसायचा. आरशाशिवाय समोरासमोर बघायचंय, असं त्या सांगायच्या.

हे वाचलं तेव्हा मला त्या गालावरच्या हाताची आठवण झाली. त्या दोघी तर एकमेकींसमोरच होत्या.

चिकटलेली जुळी होतात ती एकाच फलित बीजापासून. एकरूप जुळ्यांमध्ये ते बीज पहिल्या काही दिवसांतच दुभंगतं आणि दोन स्वतंत्र जीव वाढतात. दुभंगणं तेराव्या दिवसाच्या पुढे लांबलं तर ते पुरतं होत नाही, असं बहुतेक पुस्तकं सांगतात. आधी वेगळे झालेले भाग पुन्हा जुळून येतात, असंही काही जाणकार मानतात. पन्नास हजार ते दोन लाख जन्मांमागे एखादं असं जुळं. जवळपास निम्मी पोटातच जातात. जगतात त्यांत मुली पुष्कळ जास्त. ग्रहण, केळं, पूर्वजन्मीचं पाप यातल्या कशाचाही त्यात हात नाही. हे मी नंतर प्रत्येक बॅचच्या नर्सिंगच्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची, जरा जास्तच जोरात.

वेगळं करता येईल की नाही, हे काय सामायिक आहे त्यावर ठरतं. यकृत सामायिक असेल तर आशा असते, कारण यकृताचा तुकडा उरला तरी तो वाढतो. ज्या दोघा भावांमुळे आपण ‘सयामी जुळी’ म्हणतो ते चँग आणि एंग १८११ साली सयाममध्ये जन्मले. छातीच्या खाली एका जाड पट्ट्यानं जोडलेले. अमेरिकेत शेती केली, दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली, दोघांना मिळून एकवीस मुलं झाली. जानेवारी १८७४ मध्ये एका रात्री चँग झोपेत गेला आणि एंग काही तासांत त्याच्या मागे गेला. शवविच्छेदनात दिसलं की त्यांची यकृतं आतून जोडलेली होती. आजच्या थिएटरमध्ये त्या दोघांना वेगळं करणं फार अवघड मानलं जाणार नाही. ते यकृत फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात अजून काचेआड ठेवलेलं आहे. तिथं कोणी भेट देऊन आल्याचं सांगितलं की मी विषय बदलते.

हृदय सामायिक असेल तर गोष्ट कठीण. डोकं जोडलेलं असेल तरीही कठीण, आणि बिजानी बहिणींचं दुखणं तर नेमकं तिथंच होतं. मेंदू दोघींचे वेगळे होते. पण मेंदूत फिरून आलेलं रक्त खाली हृदयाकडे नेणारी डोक्याच्या मागची मोठी शीर दोघींत एकच होती. दोन गावांचं पाणी एकाच ओढ्यानं वाहून जावं तसं. तो ओढा एका गावाला दिला तर दुसऱ्या गावात पाणी तुंबणार. मेंदूत रक्त तुंबलं की सूज येते, दाब वाढतो, आणि जिथं हात लावावा तिथं रक्तस्राव होतो. म्हणून १९९६ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी त्यांना साफ नाही म्हणून परत पाठवलं. पुढे २००१ मध्ये सिंगापूरला डॉक्टर कीथ गोह यांच्या पथकानं नेपाळच्या, डोक्याला जोडलेल्या अकरा महिन्यांच्या मुलींना सत्त्याण्णव तासांच्या शस्त्रक्रियेनं वेगळं केलं. ती बातमी या दोघींपर्यंत पोचली. नोव्हेंबर २००२ मध्ये त्या सिंगापूरला जाऊन थडकल्या.

तिथं सात महिने तपासण्या झाल्या. मानसोपचारतज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा बोलून घेतलं. एक जाऊ शकते, दोघी जाऊ शकतात, वाचलात तरी मेंदूला इजा होऊ शकते, हे सगळं स्पष्ट सांगितलं गेलं. दोघींचं उत्तर बदललं नाही.

थिएटरमध्ये जन्म गेलेल्या माणसाला त्या सात महिन्यांचं मोल कळतं. आमच्याकडे संमतीपत्रावर सही घेणं म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी राउंड संपताना उरकायचं काम. “इथं सही करा. इथं. अन् इथं.” पेशंट सही करतो कारण समोर पांढरा कोट असतो. सही करणाऱ्या बाईनं “यात काय लिहिलंय?” असं विचारलं की रांगेतले सगळे तिच्याकडे रागानं बघतात. मीही बघितलं असेल. या दोघींना मात्र सात महिने विचारलं गेलं, आणि त्या कायदा शिकलेल्या होत्या, ‘संमती’ या शब्दाचा अर्थ त्यांना पुस्तकातून आणि देहातून दोन्हीकडून ठाऊक होता.

रविवारी, ६ जुलैला शस्त्रक्रिया सुरू झाली. अठ्ठावीस डॉक्टर, शंभरावर मदतनीस. अमेरिकेहून मेंदूचे सर्जन बेन कार्सन आले होते. बहिणींना खास बनवलेल्या खुर्चीत बसत्या स्थितीत ठेवलं होतं. मांडीतली एक शीर काढून मेंदूतल्या रक्तासाठी नवी वाट करून दिली. त्या वाटेनं रक्त नीट वाहीना. कवटीचं हाड तर अपेक्षेपेक्षा जाड निघालं. दोन मेंदू वेगळे असले तरी एकोणतीस वर्षं चिकटून बसलेले, ते मिलिमीटर मिलिमीटर सोडवायचे. मी टीव्हीसमोर बसून तिथल्या सिस्टरांचा विचार करत होते. इतक्या तासांत किती वेळा शिफ्ट बदलली असेल, रक्त टिपायचे मॉप किती वेळा मोजले असतील, ‘काउंट बरोबर’ म्हणताना कुणाचा आवाज कापला असेल.

मध्ये एका टप्प्यावर पथक थांबलं. इथवर येऊन थांबावं, दोघींना अतिदक्षता विभागात न्यावं, की पुढे जावं? दोघी भुलीत. मग बाहेर त्यांच्या जवळच्या माणसांना विचारलं. उत्तर आलं की काहीही झालं तरी वेगळं व्हायचंय, असं दोघींनी सांगून ठेवलंय. पथक पुन्हा आत गेलं.

मंगळवारी, ८ जुलैला दुपारी दोघी वेगळ्या झाल्या. लादान अडीचच्या सुमाराला गेली. लालेह आणखी दीड तासानं.

नंतर पुष्कळ लोक म्हणाले की डॉक्टरांनी हे करायलाच नको होतं. माझ्या थिएटरमधले सर्जनही चहा पिताना म्हणाले. मी ट्रॉली लावत होते, बोलले नाही, पण मला ते पटलं नाही आणि आजही पटत नाही. जिवंत राहण्यासाठी त्यांना ऑपरेशनची गरज नव्हती, हे खरं. पण जगण्यात काय पुरेसं आहे हे ठरवायचा हक्क त्या दोघींचा होता आणि त्यांनी तो पूर्ण शुद्धीत वापरला. सगळं आयुष्य जिच्यासोबत काढलं तिच्यापासून सुटायची इच्छा आणि तिचा चेहरा बघायची इच्छा, दोन्ही एकाच वेळी एकाच माणसाला असू शकतात. बाहेरून बघणाऱ्याला त्यात विसंगती दिसते. सासरी जाणाऱ्या कुठल्याही मुलीला त्यात काही विसंगत वाटणार नाही.

ज्यांना विचारताच येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. २००० साली मँचेस्टरला जोडलेल्या दोन मुली आल्या, आईबाप माल्टाच्या गोझो बेटावरचे. कोर्टानं त्यांना जोडी आणि मेरी अशी टोपणनावं दिली. मेरी जोडीच्या हृदयावर जगत होती. वेगळं केलं तर मेरी नक्की जाणार, नाही केलं तर काही महिन्यांत दोघी. आईबाप श्रद्धाळू कॅथलिक, ते नको म्हणाले. न्यायाधीशांनी त्यांचा नकार ऐकून घेतला आणि शस्त्रक्रियेला परवानगी दिली. मेरी टेबलावर गेली, जोडी वाचली. वीस वर्षांहून जास्त काळ मी या निकालाच्या दोन्ही बाजूंना उभी राहून बघितलं. आता मला वाटतं, न्यायाधीशांनी बरोबर केलं. पण त्या आईला उरलेल्या मुलीला पाजताना काय वाटलं असेल, तिथं आले की माझं ‘बरोबर’ डळमळतं.

आणि ओडिशाच्या राधिका-दुधिका. १८८८ च्या आसपास जन्मलेल्या या पोरींना लहानपणीच एका खेळवाल्यानं युरोपला नेलं, जत्रांतून आणि सर्कशींतून दाखवलं. १९०२ मध्ये पॅरिसला दुधिकाला क्षयानं गाठलं. राधिकाला वाचवायचं म्हणून डॉक्टर डॉयेननं फेब्रुवारीत दोघींना वेगळं केलं. दुधिका काही दिवसांतच गेली, राधिका पुढच्या वर्षी, क्षयानंच. डॉयेननं त्या शस्त्रक्रियेचं चलत्चित्रण करवून घेतलं होतं. त्याच्या फितींच्या प्रती त्याच्या परवानगीशिवाय काढून विकल्या गेल्या, तेव्हा तो छायाचित्रकाराविरुद्ध कोर्टात गेला आणि १९०५ मध्ये जिंकला. परवानगी घ्यायला हवी होती, हे कोर्टानं मान्य केलं. डॉक्टरची परवानगी. त्या दोन मुलींना बारा-तेरा वर्षांत कुणी काही विचारल्याची नोंद माझ्या वाचनात आली नाही. मला तो आमच्याकडच्या पहाटेचा कॅमेरा आठवतो.

पाटण्याला डोक्यानं जोडलेल्या दोघी बहिणी आहेत. त्यांचा प्रश्न २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. घरच्यांना ऑपरेशन नको होतं. न्यायालयानं त्यांच्या औषधपाण्यासाठी सरकारला दरमहा पैसे द्यायला लावले. २०१९ च्या निवडणुकीत त्या दोघींनी पहिल्यांदा दोन वेगळे मतदार म्हणून मत दिलं. तो फोटो मी मोबाइलमध्ये ठेवलाय. दोघींच्या बोटांवर निवडणुकीची जांभळी शाई, जिला तिला आपली आपली.

बिजानी बहिणींना फिरुझाबादजवळच्या त्यांच्या गावी, लोहरास्बला, शेजारी शेजारी दोन कबरींत पुरलं.

माझ्या त्या बाईचं सांगायचं राहिलं. नवव्या दिवशी टाके निघाले, तिला सुट्टी झाली. नवरा एसटीची चौकशी करायला स्टँडवर गेलेला. ती खाटेवर बसून गाठोडं बांधत होती. मी डिस्चार्ज कार्ड द्यायला गेले, तर तिनं विचारलं, “सिस्टरबाई, पोरगी होती का पोरगं?”

“पोरी होत्या,” मी म्हणाले. म्हणून गेले.

तिचे हात थांबले. “होत्या?”

ताकीद होती. दाराकडे बघितलं, कुणी नव्हतं. मी तिच्याजवळ खाटेवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. कागदाचं आणि अंगठ्याचंसुद्धा. छातीला छाती कशी होती, तोंडासमोर तोंड कसं होतं, एकीचा हात कसा दुसरीच्या गालावर होता आणि बाजूला केला तरी परत कसा तिथंच जात होता. ती रडेल असं वाटलं होतं. ती ऐकत राहिली. मधे एकदाच तिनं स्वतःचा हात उचलून स्वतःच्या गालाला लावून बघितला.

मग म्हणाली, “कोणती आंधी गेली?”

“जिच्या गालावर हात होता ती.”

“अन् दुसरी?”

“वीस मिनिटांनी.”

तिनं गाठोड्याची गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली.

“मंग थे वीस मिनिटं कोन होतं तिच्यापाशी?”

“मी,” म्हटलं.